लहान मुलाचा मेंदूचा एमआरआय: झोपेचं औषध पाजायचं की भूल द्यायची?

बार्शीच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा तीन वर्षांचा. महिन्याभरापूर्वी अंगात ताप नसताना त्याला फिट आली. आधी उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू उडायला लागली, मग शुद्ध गेली. बालरोगतज्ज्ञांनी फिटचं औषध सुरू केलं आणि सोलापूरला जाऊन मेंदूचा एमआरआय करून आणायला सांगितलं. एका सेंटरने फोनवर सांगितलं, ‘घरून निघताना झोपेचं औषध पाजा, इथे पोहोचेपर्यंत झोपेल.’ दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, ‘भूलतज्ज्ञ येतील, आधी तपासतील, त्याचे पैसे वेगळे.’ सासूबाईंना भीती आहे की भुलेमुळे मुलगा मंद होईल. दिरांचं म्हणणं, एमआरआय कशाला, सीटी स्कॅन दोन मिनिटांत होतो. त्यात मुलाला चार दिवसांपासून सर्दी आहे. ताई विचारतात, यातलं सगळ्यात कमी धोक्याचं काय?

मी सोलापुरात भूलतज्ज्ञ आहे आणि लहान मुलांना एमआरआयसाठी भूल देणं हे माझ्या नेहमीच्या कामापैकी एक. ताई, तुमच्या घरात चर्चा चालली आहे ती औषध कोणतं आणि किती जोराचं, याची. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो वेगळा प्रश्न: औषध मुलाच्या अंगात गेल्यापासून ते पुरतं जागं होईपर्यंत त्याच्या श्वासाकडे कोण बघत बसणार आहे, आणि श्वास अडला तर त्या माणसाला तो सुरू करता येतो का? याचं उत्तर मिळालं की बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात. अर्थात मी मुलाला पाहिलेलं नाही. त्याचं वजन, घोरण्याची सवय, हृदयाचा किंवा स्नायूंचा काही त्रास, जन्म दिवस भरण्याआधी झाला होता का, या गोष्टींवर बरंच अवलंबून असतं. तेव्हा खालचं वाचून तुमच्या डॉक्टरांना प्रश्न विचारा, माझं लिहिलेलं हा अंतिम सल्ला समजू नका.

आधी दिरांचा मुद्दा, कारण तो अगदीच चुकीचा नाही. सीटी खरोखर काही सेकंदांत होतो, बहुतेक मुलांना त्यासाठी भूल लागत नाही. डोक्याला मार लागला, रक्तस्राव झाल्याची शंका आहे, मूल अत्यवस्थ आहे, अशा वेळी सीटीच आधी करतात. पण त्यात किरणोत्सर्ग असतो, एमआरआयमध्ये नसतो. आणि तुमच्या मुलाची फिट एका बाजूने सुरू झाली, म्हणजे मेंदूच्या एखाद्या ठरावीक जागेतून ती उठत असावी अशी शंका येते. ती जागा शोधायची असेल तर मेंदूच्या पृष्ठभागाची घडण जन्मतःच थोडी बिघडलेली असणं किंवा कानशिलाच्या आतल्या भागातला व्रण, अशा बारीक गोष्टी सीटीत सहज निसटतात. आपल्या भागात फिटची आणखी दोन कारणं वरचेवर सापडतात, फीतकृमीच्या अळीची गाठ आणि टीबीची गाठ. जुनी, चुना साठलेली गाठ सीटीत छान दिसते, पण ताज्या गाठीत नेमकं काय आहे हे एमआरआय जास्त चांगलं सांगतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तो योग्यच वाटतो. तापात आलेल्या एखाद्या साध्या, सगळ्या अंगाच्या फिटसाठी कुणी एमआरआय सांगितला असता, तर ‘खरंच लागतो का?’ हे विचारा असं मीच म्हटलं असतं.

एमआरआयला अडचण येते ती वेळेची आणि आवाजाची. मेंदूचा पूर्ण एमआरआय अर्धा ते पाऊण तास चालतो, कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, द्यायचं असेल तर आणखी थोडा. मूल अरुंद बोगद्यात, आणि यंत्राचा ठोकल्यासारखा आवाज इतका मोठा की झोपलेल्या मुलाच्याही कानात बोळे आणि वर हेडफोन लावावे लागतात. मान जरा हलली तरी चित्र पुसट होतं. अगदी तान्ह्या बाळाला, साधारण तीन महिन्यांच्या आतल्या, पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून नैसर्गिक झोपेत स्कॅन करता येतो, आणि जमत असेल तिथे मी तोच मार्ग सुचवते. सहा-सात वर्षांच्या पुढच्या समजूतदार मुलाला आधी यंत्राचा आवाज मोबाईलवर ऐकवला, आई शेजारी बसली, तर पुष्कळदा भूल टळते. तीन वर्षांचं मूल या दोन्हींच्या मध्ये सापडतं. त्याला समजावता येत नाही आणि गुंडाळून ठेवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं, ‘नुसती गुंगी’ म्हणजे सौम्य आणि ‘भूल’ म्हणजे धोकादायक. प्रत्यक्षात हा एकच उतरता जिना आहे. पहिल्या पायरीवर मूल पेंगतं पण हाक मारली की डोळे उघडतं. खाली जावं तसा प्रतिसाद कमी होतो, जीभ मागे पडते, श्वास उथळ होतो. एमआरआयच्या आवाजात मुलाला अर्धा तास निश्चल ठेवायचं तर बरंच खाली उतरावं लागतं, मग त्याला तुम्ही गुंगी म्हणा की भूल. आणि एकाच वजनाच्या दोन मुलांना एकच मात्रा दिली तरी दोघं एकाच पायरीवर थांबतील याची खात्री नसते. म्हणून जो औषध देतो त्याला ठरवलेल्या पायरीच्या खालची पायरीसुद्धा सांभाळता आली पाहिजे.

पाजायचं जे औषध बहुतेक ठिकाणी वापरतात ते ट्रायक्लोफॉस. औषध वाईट नाही. योग्य मुलात, योग्य मात्रेत, रुग्णालयात, देखरेखीखाली वापरलं तर त्याला जागा आहे, आणि ईईजीसारख्या (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) शांत तपासणीला त्याचा उपयोग होतो. पण ते लागू व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त घेतं. मुलाने अर्धं थुंकलं की किती पोटात गेलं ते कळत नाही. मूल झोपत नाही म्हणून कुणीतरी आणखी एक मात्रा देतं आणि मग दोन्ही मात्रा एकदम लागू होतात. त्याचा असर कित्येक तास राहतो. स्कॅनच्या टेबलावर जागं झालेलं मूल परतीच्या वाटेवर पुन्हा गाढ झोपू शकतं.

आता हेच बार्शी ते सोलापूर रस्त्यावर कल्पून बघा. मूल मांडीवर, मान पुढे पडलेली, हनुवटी छातीला टेकलेली. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि श्वासनलिका अरुंद. नुसत्या मान पडण्यानेही श्वासाची वाट बंद होऊ शकते. बाहेरून मूल ‘किती छान झोपलंय’ असंच दिसतं. वाटेत ना ऑक्सिजन, ना मास्क, ना शिकलेला माणूस. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं याबाबतीत अगदी स्पष्ट आहेत: गुंगीचं औषध घरी किंवा वाटेत द्यायचं नाही, तपासणीच्या ठिकाणी, देखरेखीतच द्यायचं. यात मी कुठलीच सवलत देत नाही. पैसे वाचतात म्हणून नाही, वेळ वाचतो म्हणूनही नाही. फोनवर तसं सांगणाऱ्या सेंटरला तुम्ही शांतपणे ‘नाही, तिथे आल्यावरच देऊ’ असं सांगा आणि पुढे विचारा, ‘दिल्यावर कोण थांबणार?’ जो तंत्रज्ञ यंत्र चालवतो तोच मुलावर लक्ष ठेवणार असेल, तर ती देखरेख नव्हे. त्याचं लक्ष पडद्यावरच्या चित्रात असतं, आणि असायलाच हवं.

आणखी एक परिस्थिती सांगते, कारण ती मेंदूच्या स्कॅनलाच लागू आहे. ज्या मुलाला सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलट्या होतात, चालताना तोल जातो, सुस्ती वाढते आहे, त्याच्या कवटीत दाब वाढलेला असू शकतो. अशा मुलाला ‘जरासं झोपवलं’ आणि त्याचा श्वास मंदावला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आधीच वाढलेला दाब आणखी चढतो. इथे सौम्य गुंगी हाच जास्त धोक्याचा पर्याय ठरतो. श्वासनलिकेत नळी घालून, श्वास आपल्या ताब्यात ठेवून दिलेली पूर्ण भूल सुरक्षित असते. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, पण अशी लक्षणं दिसली असतील तर भूलतज्ज्ञांना पहिल्या वाक्यातच सांगा.

साध्या, बाकी निरोगी मुलात मी काय करते ते सांगते. आदल्या दिवशी किंवा सकाळी मुलाला तपासते, वजन करते, फाइल वाचते. शिरेत सुई टाकायच्या जागेवर बधिर करणारं मलम आधी लावून ठेवलं तर बराच रडारडीचा भाग टळतो. काही मुलांना आईच्या मांडीवर बसवूनच मास्कमधून सेव्होफ्लुरेन हा भुलेचा वायू देते आणि सुई झोपल्यावर लावते. नंतर प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध पंपातून थेंबाथेंबाने. मूल स्वतःच श्वास घेत राहतं, नाकाला ऑक्सिजन, खांद्याखाली छोटी घडी म्हणजे मान सरळ राहते. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा आणि प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा आलेख. हा आलेख मला फार मोलाचा वाटतो. श्वास थांबला तर तो लगेच सपाट होतो. बोटावरचा आकडा खाली यायला त्यानंतरही वेळ लागतो, आणि नाकाला ऑक्सिजन चालू असेल तर आणखी जास्त. ही सगळी साधनं एमआरआयच्या चुंबकाजवळ चालणारी खास असावी लागतात. साध्या मॉनिटरच्या वायरींनी कातडी भाजू शकते. औषध बंद केलं की पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक मुलं डोळे उघडतात. काही मुलांसाठी नाकात थेंब टाकून डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध देतात. ते श्वास फारसा दाबत नाही, पण नाडी मंद करतं आणि आवाजाने मूल जागं होण्याची शक्यता राहते. कुठलं निवडायचं हे मूल, यंत्र आणि हाताशी काय आहे यावर ठरतं. दुसरा भूलतज्ज्ञ वेगळं निवडेल आणि तेही बरोबर असेल.

सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेत नाही. हा प्रश्न जगभरच्या भूलतज्ज्ञांनीही गंभीरपणे घेतला. प्राण्यांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत भुलेच्या औषधांचा वाढत्या मेंदूवर परिणाम दिसला होता. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, सूचना काढली की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा लांब किंवा वारंवार भूल देताना नीट विचार करावा. दुसरीकडे माणसांच्या बाळांवरचा मोठा अभ्यास आहे, सात देशांत मिळून ७२२ बाळांचा. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी काहींना पूर्ण भूल दिली, काहींना कमरेतून सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर केला. भुलेचा काळ साधारण तासाभराच्या आत. २०१९ मध्ये त्याचे पाच वर्षांच्या वयाचे निकाल आले आणि दोन्ही गटांच्या बुद्ध्यंकात फरक आढळला नाही. तुमच्या मुलाची भूल एकच आणि तासाभराची असेल. सासूबाईंना हे सांगा, आणि हेही सांगा की फिट पुन्हापुन्हा येत राहिल्या आणि कारण सापडलं नाही, तर मेंदूचं नुकसान होण्याची भीती त्यात कितीतरी जास्त आहे.

यातूनच माझा एक आग्रह निघतो: जे करायचं ते एकाच भुलेत करून घ्या. स्कॅन झाला, घरी गेलात, आणि मेंदूविकारतज्ज्ञ म्हणाले की फिटसाठी लागणारी खास चित्रं काढलीच नाहीत किंवा कॉन्ट्रास्ट हवा होता, तर मुलाला दुसऱ्यांदा भूल. असं होतं आणि ते टाळण्यासारखं असतं. चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ असं लिहून घ्या, कॉन्ट्रास्ट लागणार का ते आधीच विचारा, रक्ताच्या काही तपासण्या बाकी असतील तर त्या सुईतूनच घ्यायला सांगा.

उपाशी ठेवण्याबद्दल घराघरांत दोन टोकं दिसतात. नियम असा: जेवण, बिस्किट, गाईचं-म्हशीचं किंवा डब्याचं दूध सहा तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, आणि पाण्यासारखी पारदर्शक पेयं दोन तास. तळलेलं किंवा मटण असेल तर आठ तास धरा. समजा स्कॅन अकराला आहे. रात्री नेहमीसारखं जेवू द्या, पहाटे पाचच्या आत दूध पाजा, आणि नऊपर्यंत साखरपाणी, शहाळ्याचं पाणी किंवा गाळलेलं लिंबू सरबत द्या. ताक, पेज आणि दुधाचा चहा पारदर्शक नव्हेत. रात्री दहापासून पाण्याचा थेंबही न देता आणलेली मुलं मी नेहमी बघते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात अशा मुलाच्या शिरा सापडत नाहीत, साखर उतरते आणि ते रडून हैराण होतं. म्हणून नेमकी वेळ विचारून घ्या आणि लहान मुलाचा नंबर सकाळी पहिला लावायला सांगा. दुसरं टोक म्हणजे आजीला कळवळा येतो आणि गाडीत हळूच एक बिस्किट दिलं जातं. भुलेत खोकल्याची जाणीव नसते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. दिलं गेलंच असेल तर सांगून टाका. कुणी रागावणार नाही, आम्ही फक्त वेळ पुढे ढकलू. फिटचं सकाळचं औषध मात्र उपाशी म्हणून चुकवायचं नाही. ते कधी आणि कसं द्यायचं हे भूलतज्ज्ञांना विचारून ठरवा. बहुतेक औषधं घोटभर पाण्याबरोबर चालतात.

धातूंचं तंत्र कडक आहे. एमआरआयचा चुंबक यंत्र ‘बंद’ दिसत असतानाही चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचं सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका नातेवाइकाला यंत्राने सिलिंडरसकट ओढून घेतलं आणि त्यात त्याचा जीव गेला. तेव्हा मुलाचा करदोटा, ताईत, वाळे, दंडाला बांधलेली लोखंडी वस्तू, काळ्या दोऱ्यातला मणी, सगळं घरीच काढून या. तिथे दारात कात्रीने करदोटा कापायची वेळ आली की घरच्यांना वाईट वाटतं. जरीचे किंवा टिकल्यांचे कपडे नकोत, साधा सुती सदरा घाला. आईला आत थांबायचं असेल तर तिलाही मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या आणि साडीची सेफ्टी पिन काढावी लागते. मुलाच्या डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी), कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) किंवा हाडात पट्टी बसवलेली असेल तर नंबर घेतानाच सांगा.

पैशांचं बोलू, कारण प्रश्नात ते आहेच. भूलतज्ज्ञांचे पैसे जड वाटतात हे मला ठाऊक आहे. परवडत नसेल तर घरून औषध पाजण्याकडे वळू नका. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, बालरोग आणि भूल हे दोन्ही विभाग आहेत. आधी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठी दाखवून काय सोय होते ते विचारा. दोन-चार दिवस उशीर झाला तरी तुमच्या मुलाच्या बाबतीत सहसा चालतो.

स्कॅननंतर मूल स्वतः उठून बसलं, आईला ओळखलं, घोट-दोन घोट पाणी पिऊन उलटी झाली नाही, म्हणजे सोडतात. पहिला तासभर काही मुलं चिडचिडी होतात, विनाकारण रडतात. ते उतरतं. त्या दिवशी दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर नेऊ नका. गाडीत मागे एक मोठं माणूस फक्त मुलाकडे बघायला बसू दे, मान सरळ ठेवून. रात्री हाक मारून किंवा हलवून जागं होत नसेल, श्वासाला घरघर असेल, ओठ निळसर वाटले, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका.

शेवटी सर्दी. नाकातून पाण्यासारखं वाहतंय, मूल खेळतंय, जेवतंय, ताप नाही, छाती स्वच्छ, तर अनुभवी भूलतज्ज्ञ तपासून पुढे जाऊ शकतात. ताप, पिवळा-हिरवा शेंबूड, ओला खोकला, छातीत शिटी किंवा मरगळ असेल तर मी पुढे ढकलते, साधारण दोन ते चार आठवडे. सर्दीत घशाची आणि श्वासनलिकेची वाट चिडकी झालेली असते, भुलेत ती अचानक आवळू शकते. तुमच्या मुलाचा चौथा दिवस आहे, म्हणून आदल्या दिवशी फोन करून कळवा आणि दाखवल्याशिवाय ठरवू नका.

पुढे ढकललंच, तर त्या काळात फिट येऊ शकते याची तयारी ठेवा. औषधाची एकही मात्रा चुकवू नका. फिट आली तर घड्याळ बघा, मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. नाकात मारायचा मिडाझोलम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा स्प्रे तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून आत्ताच लिहून घ्या आणि कसा, किती मारायचा ते त्यांच्यासमोर शिकून घ्या. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर तो मारा आणि १०८ ला फोन करा.